सिडनीत जुन्या घरावर हेरिटेज ऑर्डर आली? या चुका टाळा

साधारण १९१० च्या आसपासचं लाल विटांचं घर. वर मार्सेलची कौलं, दर्शनी खिडकीला शिशाच्या पट्ट्यांत बसवलेल्या रंगीत काचा. ओळखीच्या एका जोडप्याला ते पाडून ड्युप्लेक्स (एकमेकांना चिकटलेली दोन घरं) बांधायचा होता. काउन्सिलकडे, म्हणजे स्थानिक नगरपालिकेकडे, अर्ज टाकला आणि महिनाभर पुण्याला गेले. परत आले तर टपालपेटीत सुपरमार्केटच्या पत्रकांखाली काउन्सिलचं पाकीट: घरावर इंटरिम हेरिटेज ऑर्डर काढली आहे, म्हणजे वारसामूल्याचा तपास होईपर्यंत घर पाडायला तात्पुरती बंदी. त्यांनी दिवस मोजायला सुरुवात केली ती पाकीट फोडल्या दिवसापासून. तिथेच फसले.

न्यू साउथ वेल्समध्ये हेरिटेज ॲक्ट, १९७७ खाली निघालेली अशी ऑर्डर गॅझेटमध्ये (सरकारी राजपत्रात) छापली गेली की लागू होते. अपिलाचे २८ दिवसही तेव्हापासून धावू लागतात, तुम्ही देशात असा वा नसा. म्हणून पत्र हातात पडताच पहिलं काम म्हणजे गॅझेटची तारीख शोधणं.

दुसरं काम, ऑर्डर कुणी काढली ते बघणं. काउन्सिलने काढली असेल (कलम २५), तर मालकाला किंवा तिथे राहणाऱ्याला कलम ३० खाली लँड अँड एन्व्हायर्नमेंट कोर्टात अपील करता येतं आणि कोर्ट प्रकरण गुणदोषांवर नव्याने तपासतं. मंत्र्यांनी काढली असेल (कलम २४), तर ही वाट बंद. मग निर्णय कायदेशीर होता की नाही एवढ्यावरच भांडता येतं, आणि ते भांडण महाग पडतं.

आपल्याकडची एक सवय इथे नडते. अपील टाकलं की ‘स्टे’ मिळाला, असं धरून चालू नका. अपील प्रलंबित असतानाही ऑर्डर चालूच राहते. शनिवार-रविवारी गुपचूप जेसीबी लावायचा सल्ला देणारे शहाणेही भेटतात. तो गुन्हा आहे, विषय संपला.

सगळ्यात जास्त लोक घसरतात ते युक्तिवादात. ‘कर्ज डोक्यावर आहे, हप्ते सुरू आहेत, शेजाऱ्याने तर पाडलंच की!’ हे सगळं खरं असेल, पण ऑर्डरमागचा प्रश्न वेगळा आहे: पुढे नीट तपास केला तर या वास्तूला स्थानिक वारसामूल्य असल्याचं दिसून येण्याची शक्यता आहे का? ही पायरी मुद्दामच खालची ठेवलेली आहे, कारण तपासाला वेळ मिळावा म्हणूनच तर ऑर्डर असते. त्याला उत्तर द्यायचं तर स्वतःचा हेरिटेज कन्सल्टंट हवा. काउन्सिलच्या माणसाने बऱ्याचदा घर फुटपाथवरूनच पाहिलेलं असतं. तुमच्या माणसाला आत न्या, छताच्या पोटमाळ्यापर्यंत. मूळ फायरप्लेस उखडलेली, मागची बाजू फायब्रोची (सिमेंटच्या पातळ पत्र्यांची), हे त्याच्या अहवालात फोटोंसकट येऊ द्या. मात्र दर्शनी बाजू शाबूत असेल तर आतल्या मोडतोडीवर फार भिस्त ठेवू नका. आमच्या जोडप्याने बदललेल्या स्वयंपाकघराचे ढीगभर फोटो जमवले होते; रस्त्यावरून दिसणाऱ्या त्या रंगीत खिडकीबद्दल मात्र बोलायला त्यांच्याकडे काहीच नव्हतं.

आणि काउन्सिलचे कागदही तपासा. मंत्र्यांनी काउन्सिलांना हा अधिकार अटींवर दिलेला आहे: ऑर्डरआधी जाणकाराचं प्राथमिक मूल्यांकन हवं, वास्तूला धोका असायला हवा, आणि ऑर्डर धोक्यातल्या वास्तूपुरतीच असावी. त्याच वास्तूवर काउन्सिलने आधी अशी ऑर्डर काढलेली असेल, किंवा पाडायची डेव्हलपमेंट मंजुरी तुमच्या हातात असून अजून चालू असेल, तर तो कागद वकिलापुढे सर्वांत आधी ठेवा.

अपील हुकलं तर? हातावर हात ठेवून बसू नका. काउन्सिलने सहा महिन्यांच्या आत वास्तू वारसा यादीत घालण्याकडे नेणारा ठराव केला नाही, तर ऑर्डर आपोआप गळते. ठराव झाला तर ती जास्तीत जास्त १२ महिने टिकते. म्हणजे खरी लढाई काउन्सिलच्या सभागृहात असते. सभांची विषयपत्रिका दर वेळी उघडून बघा, तुमचा पत्ता दिसला की बोलायला नाव नोंदवा आणि अहवाल नगरसेवकांना आधीच पाठवा. आमच्या जोडप्याने शेवटी हेच केलं, अहवाल मतदानाआधी चार दिवस पोचवला. सोबत नवा नकाशाही होता: खिडकीसकट पुढच्या दोन खोल्या जशाच्या तशा, दुमजली बांधकाम मागे.