खानदेशातून द्राक्षमळ्यावर वाईन चाखायला जाताना

धुळे-जळगावकडील मित्रमंडळींना टेकडीवरच्या द्राक्षमळ्यात बसून वाईन चाखायची असेल, तर नाशिकजवळील दिंडोरी किंवा गंगापूर धरणाचा परिसर त्यांना सर्वांत सोयीचा आहे. धुळ्याहून मालेगाव, चांदवड, पिंपळगाव बसवंत या मार्गाने नाशिक सुमारे 160 किलोमीटर पडते; जळगावकरांनी त्यात आणखी नव्वदेक धरावेत. एका दिवसात जाऊन येण्याचा हट्ट मात्र धरू नये. चाखून झाल्यावर रात्री राहुड घाट कोण उतरणार, हा वाद गाडीत बसल्यावर घालण्यापेक्षा नाशकात मुक्काम करावा किंवा न पिणारा चालक आधीच ठरवावा.

सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, म्हणजे फळ धरण्यासाठीची छाटणी, झालेल्या वेलींवरचे घड साधारण जानेवारी ते मार्चमध्ये तोडणीला येतात, म्हणून तेव्हाच जावे. एप्रिलमध्ये खरड छाटणीनंतर, म्हणजे तोडणीनंतर वेली खोलवर छाटल्यावर, पाहण्यासारखे फारसे उरत नाही. 26 जानेवारीला जोडून सुटी आली म्हणून बेत आखणाऱ्यांनी त्या दिवशी मद्यविक्री बंद असते हे विसरू नये. महाराष्ट्रात वाईनसाठी वयाची अट 21 वर्षांची आहे. ओळखपत्र प्रत्येकाने जवळ ठेवावे आणि जागा फोनवरून आधी राखून ठेवावी.

जेवणाविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण आपली चूक नेमकी येथेच होते. पहिल्या खेपेला आम्ही वाटेतल्या ढाब्यावर काळ्या मसाल्याची शेवभाजी हाणून थेट मळ्यात पोहोचलो आणि पुढे आलेल्या पाचही वाईन आम्हाला सारख्याच तिखट लागल्या. तिखटाने पोळलेल्या जिभेला रेड वाईनचा तुरटपणा आणि अल्कोहोलचा जाळ अधिकच झोंबतो. त्यामुळे भरीत आणि ठेचा परतीच्या प्रवासासाठी राखून ठेवावा; पोटाला आधार म्हणून पोळी, दही-भात किंवा साधी खिचडी खाऊन निघावे. अत्तर आणि तंबाखू यांनाही त्या दिवशी सुटी द्यावी.

चाखण्याचा क्रम सहसा फसफसणारी, पांढरी, रोझे (गुलाबी) आणि शेवटी रेड असा असतो, म्हणजे हलकी चव जड चवीखाली दबत नाही. ग्लास देठाला धरावा, कारण तळहाताच्या उबेने थंड वाईन लवकर तापते. तो पांढऱ्या कागदावर तिरपा करून रंग पाहावा, हलकेच गोल फिरवावा आणि नाक आत घालून वास घ्यावा. शनॅं ब्लॉं या पांढऱ्या वाईनमध्ये पेरू किंवा अननस, शिराज या रेडमध्ये मिऱ्याची छटा जाणवली, तर संकोच न करता बोलावे. येथे चुकीचे उत्तर नसते. मग लहानसा घोट सगळ्या तोंडात फिरवावा. हिरड्या आखडल्यासारखे वाटले, तर तो टॅनिनचा, म्हणजे मुख्यतः सालीतून व बियांतून उतरलेल्या द्रव्याचा गुण. कच्च्या केळाचा तुरटपणा ठाऊक असलेल्या जळगावकरांना तो वेगळा समजवावा लागत नाही.

एका नमुन्यात साधारण 30 मिलिलिटर वाईन असली, तर पाच नमुन्यांचे 150, म्हणजे चांगला भरलेला एक ग्लास होतो, आणि त्यात 12 ते 14 टक्के अल्कोहोल असते. मधूनमधून पाणी प्यावे. टेबलावर ठेवलेल्या भांड्यात घोट थुंकणे हा शिष्टाचाराचाच भाग आहे; आपल्याकडे त्याला उगाच लाजतात.

मांडवाखाली फिरताना परवानगीने एखादा मणी खाऊन पाहावा. बाजारातल्या थॉमसन जातीच्या बिनबियांच्या द्राक्षापेक्षा तो लहान, जाड सालीचा आणि बियांचा, पण चांगलाच गोड असतो.

बाटल्या विकत घेतल्यास त्या गाडीच्या डिकीत तापत ठेवू नयेत. मार्चअखेरच्या उन्हात धुळ्यात उभ्या केलेल्या आमच्या गाडीत एका बाटलीचे बूच बोटभर वर आले होते आणि आतील रेडला मुरंब्यासारखा शिजका वास लागला होता. थर्माकोलचा डबा बरोबर न्यावा आणि घरी बुचाची बाटली आडवी, फिरकीच्या झाकणाची उभी, घरातील सर्वांत थंड व अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवावी. मेमध्ये तसा कोपरा घरात उरत नसेल, तर ती फ्रिजमध्ये ठेवून लवकर संपवलेली बरी.