एलईडी फ्लेअर वापरताना या चुका टाळा

रस्त्यात बंद पडलेल्या गाडीमागे इशारा म्हणून पेटवायच्या कांडीला, म्हणजे फ्लेअरला, तो भडक लाल रंग स्ट्रॉन्शियम नायट्रेटमुळे येतो. ती साधारण 15 ते 30 मिनिटं जळते आणि विझली की संपली. पेट्रोल सांडलेल्या जागी ती पेटवणं तर जिवावरचं काम. म्हणून सेलवर चालणाऱ्या, चकतीसारख्या एलईडी फ्लेअर आल्या आणि चांगलंच झालं. मात्र काडी ओढायची कटकट गेली म्हणजे डोकं चालवायची गरजही गेली, असं अनेकांना वाटतं.

गाडीलाच चिकटवणे

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. मागे चुंबक असतं, म्हणून लोक दिवा डिकीवर चिकटवतात आणि निर्धास्त होतात. हझार्ड लाइट जिथे लुकलुकतात, तिथेच आणखी एक दिवा लावून काय साधणार? ताशी 100 किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला जवळजवळ 28 मीटर कापते. चालकाच्या लक्षात येऊन, ब्रेक दाबून ती थांबेपर्यंत कोरड्या रस्त्यावरही सुमारे 100 मीटर जातात. म्हणजे पहिला दिवा गाडीच्या किमान तेवढा मागे हवा. पावलांनी मोजायचं तर सव्वाशे-दीडशे पावलं. पावसात आणखी लांब.

जमिनीवर ठेवलेली चकती जेमतेम काही सेंटिमीटर उंच असते. वळणापलीकडे किंवा चढाच्या माथ्यापलीकडे ठेवली तर ती अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. अशा ठिकाणी पहिला दिवा वळणाच्या किंवा माथ्याच्या अलीकडेच, म्हणजे मागून येणाऱ्याला आधी दिसेल असा ठेवावा. तीन-चार दिवे असतील तर एका जागी घोळका करू नका. रस्त्याच्या कडेपासून गाडीकडे तिरकी ओळ करा, म्हणजे कुठून बाजूला सरकायचं ते चालकाला आपोआप कळतं. लुकलुकणारा दिवा लक्ष वेधतो, पण त्यावरून अंतराचा अंदाज नीट येत नाही. म्हणून लांबचे दिवे लुकलुकते आणि गाडीजवळचा स्थिर ठेवावा. नऊ-दहा मोड असल्याची जाहिरात करणाऱ्या दिव्यांतले बाकीचे मोड माझ्या मते शोभेचे.

दिवा ठेवायला जीव धोक्यात घालणे

दिवा हातात पेटता धरा, समोरून येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून कडेकडेने चाला. कडेला चालायला जागाच नसेल तर जाऊच नका. गाडीतून उतरून कठड्यापलीकडे थांबा. स्पेनमध्ये नेमक्या याच कारणासाठी 1 जानेवारी 2026 पासून रस्त्यावर ठेवायच्या इशाऱ्याच्या त्रिकोणाऐवजी गाडीच्या टपावर ठेवायचा व्ही-16 दिवा बंधनकारक झाला. मग टपावरचा दिवा पुरतो का? तिथला दिवा गाडीचं ठिकाण वाहतूक नियंत्रण केंद्राला कळवतो. साधा चुंबकी दिवा तसं काही करत नाही. शिवाय ॲल्युमिनियमच्या किंवा प्लास्टिकच्या पत्र्यावर चुंबक धरतच नाही, हे घरीच तपासून ठेवा.

दिवसा त्यावर विसंबणे

भर उन्हात एलईडी फिकी पडते. रिफ्लेक्टर त्रिकोण आणि चमकत्या पट्ट्यांचं जॅकेट डिकीतून काढून टाकू नका. त्रिकोणाला सेल लागत नाहीत. अनेक देशांत तो कायद्यानेच लागतो. रंगही जपून निवडा: निळा दिवा बऱ्याच ठिकाणी फक्त पोलीस वा आपत्कालीन वाहनांसाठी राखीव असतो.

दिवा लागतच नाही?

बहुतेक वेळा दोष सेलचा असतो. अल्कलाइन सेल महिनोन्महिने आत राहिले की पाझरतात आणि स्प्रिंगवर पांढरी-हिरवट पूड जमते. सेल काढून, हातमोजे घालून, कापसाच्या बोळ्याला थोडं व्हिनेगर लावून ती पुसा आणि पूर्ण सुकू द्या. पुढच्या वेळी रिचार्ज न होणारे लिथियम सेल घाला. ते वर्षानुवर्षं टिकतात, थंडीतही दगा देत नाहीत. काही दिव्यांत लागणारा सीआर123 हा छोटा, जाडसर लिथियम सेल 3 व्होल्टचा असतो. त्याच आकाराचा रिचार्जेबल सेल पूर्ण चार्ज झाल्यावर 4.2 व्होल्टपर्यंत जातो. उत्पादकाने चालतो असं सांगितलं नसेल तर तो घालू नका, सर्किट जळू शकतं. जुने-नवे सेल एकत्र करू नका.

पिशवीत बटण दाबलं जाऊन सेल उतरत असतील तर सेल आणि स्प्रिंगच्या मध्ये कागदाची पट्टी सरकवून ठेवा. रिचार्जेबल दिवा असेल तर दर दोन-तीन महिन्यांनी चार्ज करावाच लागतो. आणि काचेआत बाष्प दिसलं तर झाकणाखालची रबरी रिंग काढून पाहा. बहुधा सेल बदलताना ती वाकडी बसलेली असते.