ब्रेसेस निघाल्यानंतर: रिटेनर कसा वापरावा आणि कसा सांभाळावा

ब्रेसेस निघतात त्या दिवशी दात सरळ दिसत असले, तरी ते नव्या जागी पक्के झालेले नसतात. दाताचे मूळ आणि जबड्याचे हाड यांना जोडणाऱ्या तंतूंची नव्याने मांडणी व्हायला साधारण 3 ते 4 महिने लागतात, हिरड्यांतील लवचीक तंतूंना तर वर्षभरही लागू शकते, आणि तोवर हे ताणलेले तंतू दाताला जुन्या जागेकडे ओढत राहतात. मुळात वाकडा वळलेला दात फिरवून सरळ केला असेल, तर ही ओढ अधिक असते. शिवाय वयाबरोबर खालच्या पटाशीच्या दातांची दाटी वाढणे हे ज्यांनी कधी ब्रेसेस लावल्याच नाहीत त्यांच्यातही आढळते. म्हणून रिटेनर, म्हणजे सरळ झालेले दात जागेवर धरून ठेवणारे साधन, किती वर्षे वापरायचा, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर ‘दात असेच राहावेत असे वाटते तोवर’ हेच आहे.

रिटेनर मुख्यतः तीन प्रकारचे असतात: अक्रिलिकची पट्टी आणि समोरून जाणारी तार असलेला, दातांवर खोळीसारखा बसणारा पारदर्शक, आणि दातांच्या आतल्या बाजूला कायमची चिकटवलेली बारीक तार. पहिले दोन काढता-घालता येतात. सुरुवातीचे काही महिने ते खाणे आणि दात घासणे एवढा वेळ सोडून दिवसरात्र, आणि पुढे फक्त रात्री घालण्यास सांगितले जाते. काही रुग्णांना मात्र पहिल्यापासून रात्रीपुरताच पुरतो. वेळापत्रक आपल्या ऑर्थोडॉन्टिस्टने (दात सरळ करणाऱ्या दंततज्ज्ञाने) दिलेलेच पाळावे, मित्राचे नव्हे.

पहिले काही दिवस लाळ जास्त सुटते आणि ‘स’, ‘श’ यांचे उच्चार बोबडे येतात. रोज थोडा वेळ मोठ्याने वाचल्यास जीभ लवकर सरावते. रिटेनर बोटांनी दाबून बसवावा. अर्धवट ठेवून चावून बसवण्याची सवय अनेकांना लागते आणि त्यातूनच तार वाकते किंवा पारदर्शक रिटेनरला चीर जाते. काढताना दोन्ही बाजूंच्या दाढांपाशी, आतल्या कडेला बोट घालून तो सैल करावा. समोरची तार धरून ओढू नये आणि जिभेने रिटेनर खालीवर करत बसू नये.

एक-दोन रात्री राहून गेल्यावर रिटेनर घट्ट वाटला, तर तेवढ्यात दात थोडे हलले आहेत असे समजावे. तो पूर्ण बसत असेल तर लगेच घालायला सुरुवात करावी. घट्टपणा सहसा काही दिवसांत कमी होतो. पण कड वर उचललेली राहत असेल किंवा दुखत असेल, तर जोर लावू नये आणि ऑर्थोडॉन्टिस्टना दाखवावे. दुखते म्हणून तो पेटीत टाकून पुढच्या तपासणीची वाट पाहणे हा सर्वांत महागात पडणारा मार्ग आहे.

तोंडातून काढल्याबरोबर रिटेनर थंड किंवा कोमट पाण्याखाली धरावा, कारण लाळ वाळली की चिकटलेला थर निघणे कठीण होते. दिवसातून एकदा मऊ ब्रश आणि सौम्य द्रवरूप साबणाने तो आतून-बाहेरून घासावा. टूथपेस्टमधील खरखरीत कणांमुळे पारदर्शक रिटेनरवर बारीक चरे पडतात, तो धुरकट दिसू लागतो आणि त्या चऱ्यांत जंतूंना आसरा मिळतो. गरम पाणी तर पूर्णपणे वर्ज्य मानावे, कारण उकळून निर्जंतुक करण्याच्या नादात प्लॅस्टिकचा आकार बदलतो आणि तो पुन्हा दुरुस्त होत नाही. कडांवर पांढरा, खडबडीत थर दिसू लागला तर ते कीटण आहे; पाणी मिसळलेल्या व्हिनेगरमध्ये थोडा वेळ भिजवून मऊ ब्रशने घासल्यास ते सैल होते. रिटेनर साफ करण्याच्या गोळ्याही चालतात, मात्र वेष्टनावर दिलेला वेळ पाळावा आणि नंतर रिटेनर स्वच्छ धुवावा. ब्लीच वापरू नये. त्याने तार खराब होते.

पारदर्शक रिटेनर घातलेला असताना पाण्याशिवाय काही पिऊ नये. गोड पेय खोळीच्या आत अडकते, तेथे लाळ नीट पोहोचत नाही आणि दात किडण्यास ते पोषक ठरते. गरम चहाने रिटेनर वाकण्याची भीती असते ती वेगळीच.

रिटेनर हरवतो तो बहुधा जेवणाच्या टेबलावर. कागदी रुमालात गुंडाळलेला रिटेनर उष्ट्याबरोबर कचऱ्यात जातो. हवा खेळण्यासाठी भोके असलेली, कडक डबी सतत जवळ ठेवावी. घरात कुत्रा असेल तर ती त्याच्या आवाक्याबाहेर असावी, कारण लाळेच्या वासाने कुत्रे रिटेनर चघळतात.

चिकटवलेली तार विसरता येत नाही, पण तिची निगा अधिक किचकट आहे. तिच्याभोवती कीटण लवकर साचते, म्हणून फ्लॉस (दातांच्या फटी साफ करण्याचा धागा) सुईसारख्या थ्रेडरमधून तारेखाली ओवून प्रत्येक दाताच्या बाजूने हिरडीपर्यंत न्यावा, किंवा दातांच्या फटीत जाणारा बारीक ब्रश वापरावा. कठीण पदार्थ पुढच्या दातांनी तोडू नयेत. एखाद्या दातावरचा चिकटवलेला ठिपका सुटला तरी तार जागेवरच दिसते आणि तो एकच दात हळूहळू सरकू लागतो; त्यामुळे जिभेला काही टोचले किंवा तार हलली, तर त्याच आठवड्यात दाखवावे.

दाताला नवी कॅप बसवायची असेल किंवा मोठे फिलिंग करायचे असेल, तर दंतवैद्यांना रिटेनरची आधीच कल्पना द्यावी, कारण दाताचा आकार बदलला की जुना रिटेनर बसेनासा होऊ शकतो. तुटलेला रिटेनर घरी गोंदाने चिकटवू नये. नवीन रिटेनर सहसा दातांच्या त्या दिवशीच्या ठेवणीवरून बनतो; म्हणून तो हरवल्यावर किंवा तुटल्यावर दात हलण्याआधी, पहिल्या एक-दोन दिवसांतच भेटीची वेळ घ्यावी.