जुन्या एसटीके मॉड्यूलचा अ‍ॅम्प्लिफायर बांधताना या चुका टाळा

सान्योच्या एसटीके मालिकेतील मॉड्यूलमध्ये अ‍ॅम्प्लिफायरचे जवळजवळ सगळे सर्किट आधीच बसवलेले असल्यामुळे बाहेरचे काम किरकोळ आहे असे वाटते, परंतु ही मॉड्यूल जळतात ती बहुतेक वेळा बाहेरच्या जोडणीतील चुकांमुळेच.

पहिली चूक व्होल्टेजच्या हिशेबातली. ट्रान्सफॉर्मरवर छापलेला आकडा एसीचा आणि पूर्ण लोडचा असतो. २४-०-२४ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घेतला तर रेक्टिफायर (एसीचे डीसी करणारे डायोड) आणि फिल्टर कपॅसिटर (ते डीसी सपाट करणारे मोठे कपॅसिटर) यांच्यानंतर प्रत्येक बाजूला सुमारे ३३ व्होल्ट मिळतात आणि लोड नसताना, त्यातच मेन्सचा दाब दहा टक्के चढला, तर ते ३६च्याही पुढे जातात. डेटाशीटमधील, म्हणजे उत्पादकाच्या माहितीपत्रकातील, कमाल व्होल्टेज ही मॉड्यूलच्या सहनशक्तीची हद्द असते; ट्रान्सफॉर्मर निवडावा तो शिफारस केलेल्या व्होल्टेजवरून. क्रमांकाचे शेपूटही नीट वाचावे, कारण एसटीके ४१४१च्या पुढे रोमन दोन असेल तर डिस्टॉर्शन (सिग्नलची विकृती) ०.४ टक्के आणि रोमन पाच असेल तर ०.०८ टक्के दिलेले आहे.

प्रथम वीज देताना ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला (मेन्सकडच्या गुंडाळीला) सिरीजमध्ये ६० वॉटचा फिलामेंटचा बल्ब जोडावा (एलईडीचा बल्ब येथे निरुपयोगी आहे) आणि स्पीकर अजिबात लावू नये. कपॅसिटर चार्ज होईपर्यंत बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. तो उजळच राहिला तर लगेच वीज बंद करून शॉर्ट शोधावा. त्यानंतर आउटपुटवरील डीसी मोजावा. काही दहा मिलिव्होल्ट चालतात, मात्र तेथे काही व्होल्ट दिसले तर मॉड्यूलला दोष देण्याआधी प्लस आणि मायनस दोन्ही पुरवठे मोजून पाहावेत, कारण एका बाजूचा फ्यूज उडाला तरी हेच लक्षण दिसते.

स्पीकरमधून हम, म्हणजे सततची घुमघुम, येत असेल तर इनपुट ग्राउंडला शॉर्ट करावे. आवाज थांबला तर दोष इनपुटच्या वायरिंगमध्ये किंवा शील्डमध्ये आहे. तो तसाच राहिला, आणि विशेषतः मेन्सच्या दुप्पट फ्रिक्वेन्सीचा कर्कश गुणगुणाट असेल, तर फिल्टर कपॅसिटरचा चार्जिंग करंट सिग्नलच्या ग्राउंडमधून वाहत आहे असे समजावे. दोन्ही कपॅसिटरांच्या जोडातून एकच जाड वायर काढावी, तिच्या टोकाला स्टार पॉइंट (सगळी ग्राउंड एकत्र येण्याचा एकच बिंदू) करावा आणि स्पीकरचे व इनपुटचे ग्राउंड तेथे वेगवेगळ्या वायरींनी आणावे.

मॉड्यूलची अ‍ॅल्युमिनियमची पाठ आतील सर्किटपासून आधीच इन्सुलेट केलेली असते, म्हणून मध्ये मायका (अभ्रकाची इन्सुलेट करणारी चकती) घातल्याने केवळ उष्णता अडते. हीटसिंक सपाट असावा, पेस्टचा थर पातळ असावा आणि दोन्ही स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत. पिना सोल्डर करण्याचे काम त्यानंतरच करावे, नाहीतर स्क्रू आवळताना ताण पिनांच्या मुळाशी येतो.

सान्योचा सेमीकंडक्टर व्यवसाय २०११ मध्ये ऑन सेमीकंडक्टरकडे गेला आणि जुने क्रमांक बनणे केव्हाच थांबले, त्यामुळे स्वस्तात मिळणारा कोरा करकरीत नग नकली निघण्याची शक्यता मोठी आहे. मात्र अस्सल मॉड्यूलही इनपुट नसताना तापत असेल आणि आउटपुटला ०.१ मायक्रोफॅरडसोबत सिरीजमध्ये असलेला छोटा रेझिस्टर काळवंडत असेल, तर कानाला न ऐकू येणारे ऑसिलेशन (सर्किटची आपोआप होणारी कंपने) चालू आहे. अशा वेळी पुरवठ्याच्या वायरी आखूड कराव्यात आणि मॉड्यूलच्या पिनांजवळच डीकपलिंग कपॅसिटर (पुरवठा आणि ग्राउंड यांच्यामध्ये जोडलेले, पुरवठा स्थिर ठेवणारे) लावावेत.