पोकरच्या कॅश गेममध्ये पॅसिव्ह की ॲग्रेसिव्ह? या चुका टाळा

लिंप करून (बेट न वाढवता, किमान चिप्स भरून) फ्लॉप, म्हणजे टेबलावर उघडणारे पहिले तीन पत्ते, पाहायचा; काही लागलं तर कॉल (समोरच्याइतकेच चिप्स घालणं), नाही तर फोल्ड (हात सोडणं). कॅश गेममध्ये, म्हणजे चिप्सची किंमत थेट पैशांत असते त्या खेळात, स्टॅक (तुमच्याकडचे चिप्स) हळूहळू झिजतो तो बहुतेक वेळा अशा पॅसिव्ह खेळामुळे. नुसता कॉल करणाऱ्याला जिंकायचा एकच मार्ग उरतो: शेवटी पत्ते उघडल्यावर आपला हात मोठा निघायला हवा. बेट लावणाऱ्या, म्हणजे ॲग्रेसिव्ह खेळाडूला दुसराही मार्ग असतो. समोरचा फोल्ड करतो आणि पत्ते न दाखवताच पॉट (मध्ये जमलेले चिप्स) मिळतो.

फ्लश ड्रॉवर, म्हणजे एकाच चिन्हाचे चार पत्ते असून पाचव्याची वाट पाहताना, हे नीट दिसतं. टर्नवर (टेबलावरचा चौथा पत्ता) पॉट 100 चिप्सचा आहे आणि समोरच्याने 50 लावले. तुम्ही 50 घातले की पॉट 200 होतो, म्हणजे कॉल परवडायला 25 टक्के वेळा जिंकायला हवं. न दिसलेल्या 46 पत्त्यांत कामाचे फक्त 9, म्हणजे 20 टक्केही नाहीत. फ्लश लागल्यावर रिव्हरवर (पाचवा, शेवटचा पत्ता) सरासरी 56 चिप्स तरी आणखी मिळणार असतील, तरच हा कॉल बरा. समोरचा फोल्ड करू शकणारा असेल, तर इथे रेजचा (बेट वाढवण्याचा) विचार करायलाच हवा. अनेकांना तो सुचतच नाही.

इक्क्यांची जोडीसुद्धा लिंप करणारे असतात. कोणत्याही पत्त्यांच्या एका खेळाडूसमोर ती सुमारे 85 टक्के वेळा जिंकते, पण समोर असे चार जण शेवटपर्यंत राहिले तर सुमारे 56 टक्के. गर्दी कमी करा, रेज करा.

आता उलटी चूक. ‘ॲग्रेसिव्ह खेळा’ हा सल्ला ऐकून प्रत्येक फ्लॉपवर बेट लावणारे तितक्याच वेगाने चिप्स गमावतात. अर्ध्या पॉटचा ब्लफ (समोरच्याने फोल्ड करावं म्हणून कमजोर हातावर बेट लावणं) तीनपैकी एकदा तरी यशस्वी व्हायला हवा. जो खेळाडू खालच्या जोडीवरही फोल्ड करत नाही, त्याच्यासमोर तो होत नाही. माझ्या मते ही सगळ्यात महाग चूक आहे, कारण याच खेळाडूकडून चांगल्या हातावर भरपूर वसूल करता येतं. त्याच्यासमोर ब्लफ बंद करा आणि टॉप पेअर (टेबलावरच्या सगळ्यात मोठ्या पत्त्याशी जुळलेली जोडी) चांगल्या किकरसह (हातातला दुसरा पत्ता) असेल तर तिन्ही फेऱ्यांत बेट लावण्याची तयारी ठेवा. तिथे चेक करून (बेट न लावता) ‘सापळा’ लावणं म्हणजे मिळणारे चिप्स सोडणं.

बेट लावण्यापूर्वी दोन प्रश्न पुरेसे आहेत: कोणता कमजोर हात कॉल करेल? कोणता चांगला हात फोल्ड करेल? दोन्हींचं उत्तर ‘कोणताच नाही’ असेल तर बहुतेक वेळा चेकच बरा.

पॅसिव्ह खेळ नेहमी चुकीचा नसतो, हेही लक्षात घ्या. समोरचा सतत ब्लफ करत असेल तर मध्यम हातावर चेक-कॉल हाच कमावण्याचा मार्ग. तुम्ही रेज केलात तर त्याचे ब्लफ फोल्ड होतात आणि तुमच्यापेक्षा चांगले हात तेवढे उरतात. याउलट, रात्रभर फक्त कॉल करत आलेल्या खेळाडूने रिव्हरवर अचानक रेज केला, तर एका जोडीवर कॉल करू नका. असा रेज क्वचितच ब्लफ असतो.

स्वतःचा कल ओळखायचा असेल तर ऑनलाइन खेळातले दोन आकडे बघा: व्हीपीआयपी, म्हणजे फ्लॉपआधी किती टक्के हातांत तुम्ही स्वेच्छेने चिप्स घालता, आणि पीएफआर, म्हणजे फ्लॉपआधी किती टक्के हातांत रेज करता. सहा जणांच्या टेबलावर 24 आणि 19 ही निरोगी जोडी आहे. 35 आणि 8 दिसले, तर आधी लिंप थांबवा. बाकीची दुरुस्ती नंतर.