आवाज तुटतो तेव्हा आधी इंटरप्टची यादी पाहा

घरी गायन आणि हार्मोनियम ध्वनिमुद्रित करण्यासाठी मी एका जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स आणि जॅक (ध्वनी कमी विलंबाने हाताळणारा प्रोग्राम) बसवले, त्यात आयसीई१७१२ चिपचे पीसीआय (मदरबोर्डवरील स्लॉटचा एक प्रकार) साउंड कार्ड घातले, आणि पहिल्याच आठवड्यात दर दोन-तीन मिनिटांनी 'टक्' होऊन आवाज तुटू लागला. प्रत्येक वेळी जॅकमधील एक्सरनचा, म्हणजे ध्वनीचा तुकडा वेळेत न पोहोचल्याच्या नोंदींचा, आकडा वाढत असे. १२८ फ्रेम (ध्वनीचे नमुने), २ पिरियड (असे तुकडे) आणि ४८,००० हर्ट्झ या मांडणीत कार्डाच्या एका इंटरप्टपासून (प्रोसेसरचे लक्ष वेधणाऱ्या संकेतापासून) दुसऱ्यापर्यंत जेमतेम २.७ मिलिसेकंद मिळतात. बफर (ध्वनी तात्पुरता साठवण्याची जागा) १,०२४ फ्रेमचा केला की टकटक थांबे, पण हेडफोनमध्ये स्वतःचाच आवाज उशिरा येऊन गाणाऱ्याची लय बिघडे. म्हणून तो उपाय मला पटला नाही.

नवख्यांनी सर्वांत आधी प्रॉक फोल्डरमधील इंटरप्ट्स ही फाईल कॅट आज्ञेने वाचावी. माझ्याकडे इंटरप्टच्या १६ क्रमांकाच्या ओळीत साउंड कार्डाच्या ड्रायव्हरशेजारीच (ड्रायव्हर म्हणजे उपकरण चालवणारा प्रोग्राम) यूएसबी कंट्रोलरच्या ड्रायव्हरचे नाव होते. पीसीआयमध्ये एकाच इंटरप्ट लाइनची अशी वाटणी नियमाला धरूनच असते. सामायिक लाइनवर इंटरप्ट आला की कर्नल (लिनक्सचा गाभा) त्या लाइनवरील प्रत्येक ड्रायव्हरला क्रमाने विचारतो, आणि शेजाऱ्याने वेळ घेतला की ध्वनीचे काम खोळंबते. (पीसीआयच्या आधीच्या आयएसए कार्डांच्या काळी मात्र साउंड कार्ड आणि प्रिंटर पोर्ट दोघेही ७ क्रमांक मागत, तेव्हा खराखुरा संघर्ष होई.)

मी संगणक बंद करून, वायर काढून, कार्ड शेजारच्या स्लॉटमध्ये बसवले. पीसीआयच्या चार इंटरप्ट लाइन प्रत्येक स्लॉटला बहुधा वेगळ्या क्रमाने जोडलेल्या असतात, त्यामुळे जागा बदलताच कार्ड २१ क्रमांकावर एकटे आले आणि त्या रात्री तासभराच्या मुद्रणात एकही एक्सरन झाला नाही. त्या वेळचा आनंद मला आजही आठवतो.

स्लॉट बदलणे शक्य नसेल तर न लागणारे पोर्ट बायोसमधून (संगणक सुरू होतानाच्या मांडणीतून) बंद करावेत. कर्नलला थ्रेडआयआरक्यूज (इंटरप्टचे काम थ्रेडमध्ये, म्हणजे स्वतंत्र कामांत, करण्याचा) हा पर्याय देऊन आरटीआयआरक्यू या स्क्रिप्टने ध्वनीच्या थ्रेडला वरचे प्राधान्य देता येते. तरीही सामायिक लाइन सर्व थ्रेडचे काम संपेपर्यंत रोखलेली राहते, त्यामुळे मी या उपायाला लाइन वेगळी करण्याच्या खालचे स्थान देतो. एका वेळी एकच बदल करावा आणि आधीचा इंटरप्ट क्रमांक वहीत लिहून ठेवावा.

नव्या संगणकांत एमएसआय (लाइनऐवजी संदेशाने इंटरप्ट देण्याच्या) पद्धतीमुळे बहुतेक उपकरणांना स्वतंत्र क्रमांक मिळतो. यूएसबी ऑडिओ इंटरफेसला मात्र स्वतःचा इंटरप्ट नसतो, तो यूएसबी कंट्रोलरचाच असतो. म्हणून तिथे ध्वनीच्या ड्रायव्हरचे नाव यादीत न शोधता, एलएसयूएसबी आज्ञेच्या वृक्षरूपात त्याच कंट्रोलरवर वेबकॅम किंवा बाहेरची हार्ड डिस्क लटकली आहे का, हे तपासावे.