बालआरोग्यासाठी दिल्लीला निवेदन घेऊन निघालात? या चुका टाळा

मुलांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या नव्या मंडळींची निवेदनं माझ्याकडे 'जरा नजर टाका' म्हणून येतात. तळमळ खरी असते, मेहनतही दिसते. पण पहिलं पान वाचलं की कळतं, हा कागद कुठल्या कपाटात जाऊन पडणार. चुका त्याच त्या. निम्म्या मी स्वतः करून बसले आहे, म्हणून चिडायचा हक्क मला आहे असं समजते.

"सरकारने लक्ष द्यावे"

'सरकार' नावाचं एकच टेबल दिल्लीत कुठेही नाही. अंगणवाडी महिला व बालविकास मंत्रालयाची, शाळेतलं जेवण शिक्षण मंत्रालयाचं, लसीकरण आणि आशा ताई आरोग्य मंत्रालयाच्या, एकलव्य निवासी शाळा आदिवासी व्यवहार मंत्रालयाच्या, पिण्याचं पाणी जलशक्तीचं. मूल एकच, पण त्याच्या पोटाची, लसीची आणि पाण्याची फाईल वेगवेगळ्या दारांमागे.

हे मी कसं शिकले ते सांगते. काही वर्षांपूर्वी आम्ही पाच जण 23 मागण्यांचं निवेदन घेऊन एका मंत्रालयात गेलो. रात्री जागून लिहिलेलं, स्पायरल बाइंडिंग, रंगीत आलेख. अधिकाऱ्यांनी चहा मागवला आणि खरंच सगळं वाचलं, हे विशेष. वाचता वाचता पेन्सिलीने समासात फुल्या मारत होते. शेवटी म्हणाले, "यातल्या सोळा आमच्याकडच्या नाहीत. चार राज्याच्या अखत्यारीतल्या. उरल्या तीन. त्यातल्या दोन आम्ही आधीच मंजूर केल्यात, तुमच्याच राज्याने पैसे उचललेले नाहीत. एक राहते, ती नीट लिहून आणा." बाहेर आल्यावर कुणीतरी म्हणालं, आलोच आहोत तर गेटपाशी फोटो काढू. त्या फोटोत मी हसतेय.

सार्वजनिक आरोग्य हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यांचा विषय आहे. केंद्र निकष ठरवतं आणि पैशातला वाटा देतं. अंगणवाडीतल्या पूरक पोषण आहाराचा खर्च बहुतेक राज्यांत केंद्र आणि राज्य निम्मा-निम्मा उचलतात. म्हणजे आहाराचा दर वाढवा ही मागणी दिल्लीची, पण पाकीट निकृष्ट आलं ही तक्रार दिल्लीला नेणं म्हणजे रेल्वेचं भाडं फुकट घालवणं.

तेव्हापासून माझी एक सवय आहे. पहिल्या पानावर एकच मागणी, आणि तिच्याखाली तिला 'हो' म्हणू शकणाऱ्या पदाचं नाव. ते पद लिहिता आलं नाही तर निवेदन तयार नाही, मग आलेख कितीही रंगीत असोत.

"एकाच मागणीने काय होणार?" असं विचारणाऱ्यांनी गडचिरोलीकडे पाहावं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या घरोघरी नवजात बाळसेवेच्या कामाचा अभ्यास 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. देशभरात आशा ताईंमार्फत कार्यक्रम सुरू झाला 2011 मध्ये. मधली बारा वर्षं मोजा आणि मग तीन महिन्यांत 'काहीच होत नाही हो' म्हणून मला फोन करा. 'बालमृत्यू थांबवा' एवढंच म्हणून ते काम धोरणात गेलं नाही. बाळाच्या घरी कोण जाणार, काय तपासणार, हे ठरलेलं होतं. कार्यक्रमात तर घरभेटींचे दिवससुद्धा लिहिलेले आहेत: 3, 7, 14, 21, 28 आणि 42 वा, घरी बाळंतपण झालं तर पहिला दिवसही, आणि आशाला 250 रुपये. असं काही हातात असलं की फाईल पुढे सरकायला निदान पाय तरी असतात.

जानेवारीतली जाग

ही माझी दुसरी लाडकी चीड. 2017 पासून केंद्राचा अर्थसंकल्प 1 फेब्रुवारीला मांडला जातो. आमच्या मंडळींना जाग येते संक्रांतीला. पुढच्या वर्षाच्या खर्चाचे अंदाज मागवणारं अर्थ मंत्रालयाचं परिपत्रक पावसाळा सरता सरता निघतं, मंत्रालयं आपापले अंदाज पाठवतात आणि दिवाळीच्या आगेमागे त्यावर बैठका होतात. जानेवारीत छपाई चालू असते हो! बोलायचं असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये बोला.

तो मोसम चुकला तर रडत बसू नका. अर्थसंकल्पानंतर 'अनुदानाच्या मागण्या', म्हणजे मंत्रालयांनी मागितलेला खर्च, तपासणीसाठी खासदारांच्या स्थायी समित्यांकडे जातात. समितीने केलेल्या शिफारशीवर काय कारवाई केली, हे मंत्रालयाला तीन महिन्यांत लेखी कळवावं लागतं. समितीतल्या एका खासदाराला दिलेलं दोन पानी टिपण मला धरण्याच्या मंडपापेक्षा जास्त उपयोगी पडलं आहे. मंडपाला माझा विरोध नाही, पण मंडपानंतर टिपण कुणी लिहीत नाही.

आणि कृपा करून अर्थसंकल्पातलं विवरणपत्र क्रमांक 12 वाचा. मुलांसाठीच्या सगळ्या मंत्रालयांच्या तरतुदी तिथे एकत्र असतात. भाषणाच्या बातमीवरून टीका लिहिणारे ते उघडत नाहीत.

आकड्यांची खिचडी

कमी वजन, खुजेपणा आणि लुकडेपणा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) पाच वर्षांखालची 35.5 टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी, 19.3 टक्के उंचीच्या मानाने लुकडी आणि 32.1 टक्के वयाच्या मानाने कमी वजनाची होती. तिन्हींची बेरीज करून '87 टक्के मुले कुपोषित' असं लिहिलेलं पत्रक मी डोळ्यांनी पाहिलं आहे. एकच मूल तिन्हींत मोजलं जाऊ शकतं. असा एक आकडा सापडला की समोरचा अधिकारी उरलेली बारा पानं उलटतच नाही, आणि मी त्याच्या जागी असते तर मीही उलटली नसती.

मंत्रालय उत्तरात पोषण ट्रॅकरचे, म्हणजे अंगणवाड्यांच्या नोंदींच्या ॲपचे, आकडे देईल. ते अंगणवाडीत नोंदवलेल्या आणि मोजलेल्या मुलांचे असतात, सर्वेक्षणाचे घरोघरच्या नमुन्याचे. दोन्ही शेजारी ठेवून 'सरकार खोटं बोलतं' म्हणू नका, फरक कुठून येतो ते विचारा.

उरलेलं पटापट

नवी योजना मागू नका. नवी योजना मागणाऱ्याला घोषणा मिळते. जुन्यातली ओळ बदलायला सांगा: अंगणवाडीतल्या मुलामागे दिवसाला 8 रुपये हा दर 2017 मध्ये ठरला, तेव्हापासून डाळ आणि तेल कुठे गेलं ते तुम्हाला ठाऊक आहे.

लोकसभेत तारांकित प्रश्नासाठी, म्हणजे ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात त्यासाठी, पंधरा दिवस आधी सूचना लागते, शिवाय सोडतीत नाव निघावं लागतं. आदल्या रात्री खासदारांच्या पीएला व्हॉट्सअॅप करू नका.

कायद्याचा मसुदा हरकतींसाठी निदान तीस दिवस खुला ठेवावा असं 2014 चं केंद्राचं धोरण आहे. एकोणतिसाव्या दिवशी बैठक बोलावू नका.

एकच मजकूर हजार जणांकडून ईमेल करवणं बंद करा. तिकडे ते एकच पत्र म्हणून मोजतात.

आणि त्या बाळाचा फोटो काढून टाका मुखपृष्ठावरून. बरगड्या दिसणारं, नाक वाहणारं, चेहरा स्पष्ट. त्याच्या आईला विचारलं होतं का?